रात्रीचा परवाना

इसवी सन १८२९ मध्ये मुंबई सरकारने साष्टीतील पवईची जमीन फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांस पट्ट्याने दिली, आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी त्या मळ्याची पाहणी करून तेथील नव्या विहिरी, उत्तम रस्ता, ऊस व नीळ यांची लागवड, रेशमाच्या किड्यांसाठी लावलेली तुती आणि चालू स्थितीतला साखरेचा घाणा यांची आपल्या टिपणात मुक्तकंठाने प्रशंसा केली. याच फ्रामजींनी १८३८ मध्ये मुंबईचे आंबे आगबोटीने व्हिक्टोरिया राणीस नजराणा म्हणून रवाना केले. ही हकिकत एरव्ही शेतीबागायतीच्या इतिहासात शोभावी. परंतु दिवसाचे काम आटोपल्यावर या उपनगरातली माणसे घराबाहेर पडून कोठे जमली, कोणाचे गायनवादन ऐकत बसली आणि कोणाच्या अनुज्ञेने उशिरापर्यंत बसू शकली, याचा वृत्तान्त ज्याला लिहावयाचा आहे त्यालाही आरंभ या पट्ट्यापासूनच करावा लागतो. कारण पवईची जमीन बहुतेक काळ कोणा ना कोणा मोठ्या धारकाच्या हाती राहिली, आणि ज्याच्या हाती जमीन त्याच्या प्रयोजनावर तेथील रात्रीचा उपयोग ठरला, हे सूत्र जवळजवळ दोन शतके अबाधित राहिलेले दिसते.

मळ्याच्या हद्दीभोवती पवई, तिरंदाज, कोपरी, पासपोली, तुंगवे, साकी, चांदिवली अशी लहान लहान गावे होती, आणि डोंगराच्या अंगाला वारल्यांसारख्या आदिवासींचे पाडे होते. या वस्त्यांना त्यांचे रात्रीचे संगीत होते, आणि ते मागून आलेल्या सर्व संगीताहून जुने होते. पाड्यांवर तारप्याच्या सुराभोवती फेर धरला जाई. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतील लग्नांत घुमटाच्या ठेक्यावर मराठी गाणी होत आणि पुढे ब्रास बँडही वाजू लागले. या संगीतास तिकीट नव्हते, वेळेची मर्यादा नव्हती आणि श्रोता असा वेगळा वर्गही नव्हता. जो आला तो नाचणाऱ्यांत किंवा गाणाऱ्यांत मिसळला. १८९१ मध्ये मुंबईला पाणी पुरविण्याच्या उद्देशाने येथे धरण बांधून तलाव निर्माण करण्यात आला. पण पाण्याची प्रत पिण्याजोगी न ठरल्यामुळे ती योजना लवकरच मागे पडली, आणि नगराच्या व्यवस्थेत ज्याला निश्चित काम उरले नाही असा एक विस्तीर्ण जलाशय पवईच्या वाट्यास आला. पुढे अर्धशतकभर मुंबईकरास पवई ठाऊक होती ती गळ टाकून बसण्याची आणि वनभोजनाची जागा म्हणून. दिवस मावळण्यापूर्वी परतण्याची जागा म्हणून.

नगराची खरी रात्र तेव्हा दक्षिणेस होती, आणि तीही दोन निरनिराळ्या मुलखांत विभागलेली होती. गिरगावात संगीत नाटकांचे प्रयोग पहाटेपर्यंत चालत, गणेशोत्सवात मेळ्यांची पदे ऐकण्यास गर्दी लोटे, आणि दिवाणखान्यांतील बैठकी भैरवी झाल्याखेरीज उठत नसत. तेथून थोड्या अंतरावर, ताजमहाल हॉटेलात, १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जॅझ वाद्यवृंद आला, आणि त्याच्यामागून टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक आले. या मंडळींच्या सहवासात गोव्याहून आलेले वादक तयार झाले. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेल्या या तरुणांना कागदावरचे संगीत पाहताच वाजविता येई, हे त्यांचे भांडवल. त्यांच्यापैकी आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक पुढे सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात गेला, आणि १९५१ च्या ‘अलबेला’ या भगवानदादांच्या चित्रपटात आपल्या साथीदारांसह प्रत्यक्ष पडद्यावर झळकला. ज्या संगीतासाठी मराठी मध्यमवर्गीय गृहस्थ हॉटेलाची पायरी कदापि चढला नसता, ते या रीतीने चार आण्याच्या तिकिटात त्याच्या कानी पडले.

या हॉटेलांच्या रात्रीवर सरकारचा पहिला मोठा आघात १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने झाला. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने केलेल्या आणि मोरारजी देसाई यांनी निष्ठापूर्वक अंमलात आणलेल्या या कायद्याने मद्य परवानाधारकापुरते मर्यादित केले. त्यातूनच मुंबईच्या बोलीत ‘परमिट रूम’ हा शब्द रुजला आणि कायद्याच्या आडोशाला चोरट्या दारूचे ‘आंटीचे अड्डे’ निघाले. तथापि चर्चगेट स्ट्रीटवरील गेलॉर्ड, बॉम्बेलीज, व्होल्गा, ॲम्बॅसॅडर अशा उपाहारगृहांनी मद्यावाचूनही वादक पदरी ठेवले, आणि क्रिस पेरी व लॉर्ना यांच्यासारखे कलावंत त्याच रस्त्यावर नावारूपास आले. पुढे साठीच्या दशकात दारूबंदीचा अंमल सैल झाला. परंतु तबकड्या वाजवून नाचविणारे डिस्कोथेक निघाल्यावर दहा वादकांचा पगार देण्याचे कारण मालकांस उरले नाही. जिवंत संगीताला निषेधापेक्षा स्वस्त पर्याय अधिक मारक ठरतो, हा धडा त्या रस्त्याने दिला.

पवईत याच सुमारास रात्रीचे प्रयोजन पालटत होते. १९४८ मध्ये होल्क-लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांच्या कंपनीने तेथे दलदल आणि रान यांनी व्यापलेली ५५ एकर जमीन घेतली, तिच्यावर कारखाना उभा राहिला, आणि साकी-विहार रस्त्यालगत आणखीही उद्योगांचे गाळे निघू लागले. त्यांच्याबरोबर रातपाळी आली, भोंगा आला, पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्यावर उजेडाची आणि चहाची सोय आली. काळोखात जागणे आता जमिनीच्या नव्या धारकाच्या हिशेबात बसले होते. मात्र ते जागणे श्रमासाठी होते. करमणुकीसाठी जागणे पवईत अवतरले ते तिसऱ्या धारकाबरोबर.

सोव्हिएट सहकार्याने आणि युनेस्कोच्या द्वारे आलेल्या साहाय्याने स्थापन झालेल्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे वर्ग १९५८ मध्ये वरळीस सुरू झाले. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईत कोनशिला बसविली, आणि १९६० पासून संस्था तलावाकाठच्या सुमारे साडेपाचशे एकरांच्या जागेत नांदू लागली. राज्य सरकारने दिलेल्या या जमिनीभोवती कुंपण होते, प्रवेशद्वारावर पहारा होता, आत अध्यापक व कर्मचाऱ्यांची घरे, रुग्णालय, वसतिगृहे आणि पद्मावती देवीचे प्राचीन स्थान होते. आणि वसतिगृहांत वीस वर्षे वयाचे शेकडो तरुण होते, ज्यांना मुंबई नावाने जवळ पण प्रत्यक्षात दूर होती. कांजूरमार्ग किंवा विक्रोळीच्या स्थानकापर्यंत बसने जावे, तेथून लोकलने दक्षिणेस उतरावे आणि मध्यरात्रीनंतरची शेवटची गाडी चुकू नये म्हणून मैफल अर्धी टाकून निघावे, हा खटाटोप ज्यास वारंवार करावा लागतो तो मनुष्य लवकरच असा विचार करू लागतो की, आपण मैफलीकडे जाण्यापेक्षा मैफलच आपल्याकडे आणावी.

या विचारास १९७१ मध्ये मूर्त स्वरूप आले. संस्थेच्या विद्यार्थ्यांनी डिसेंबरात एक सांस्कृतिक उत्सव आरंभिला आणि त्यास ड्यूक एलिंग्टनच्या १९३० मधील प्रसिद्ध जॅझरचनेवरून ‘मूड इंडिगो’ असे नाव दिले. विद्यार्थ्यांच्या तोंडी ते लवकरच ‘मूडआय’ झाले. उत्सवाचे वैशिष्ट्य केवळ कार्यक्रमांच्या यादीत शोधू नये. ते त्याच्या व्यवस्थेत होते. परगावाहून आलेल्या महाविद्यालयीन पथकांची राहण्याची तजवीज वसतिगृहांतच केली जाई, त्यामुळे शेवटच्या लोकलचा धाक उरत नसे. गावकुसाबाहेरच्या या वसाहतीत शेजाऱ्यांच्या तक्रारीचे भय अल्प होते. आयोजक, स्वयंसेवक आणि श्रोते एकाच वयाचे व एकाच वर्गाचे असल्यामुळे, कोणी किती खर्च केला यावर त्याची बसण्याची जागा ठरत नसे. ओळखपत्र हाच दाखला. उघड्या प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांवर थंडीत शाल पांघरून बसलेल्या मुलामुलींनी एकाच सप्ताहात शास्त्रीय गायन, चित्रपटगीते, पाश्चात्त्य रॉक आणि आपल्याच वयाच्या होतकरू वाद्यवृंदांची स्पर्धा ऐकावी, असा योग मुंबईत अन्यत्र दुर्लभ होता. वाद्यवृंदांच्या त्या स्पर्धेला पुढे ‘लाइव्हवायर’ हे नाव मिळाले, आणि गॅरेजात किंवा घराच्या गच्चीवर सराव करणाऱ्या पोरांना खऱ्या ध्वनिक्षेपकांसमोर आणि खऱ्या गर्दीसमोर उभे राहण्याची संधी ज्या मोजक्या ठिकाणी मिळे, त्यांत पवईची गणना होऊ लागली.

त्या पोरांचे दुसरे तीर्थ धोबीतलावावर होते. सेंट झेवियर्स महाविद्यालयाशेजारच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जॅझ यात्रा’ सुरू केली. २६ मार्च १९८० रोजी ‘द पोलिस’ हा त्या वेळी जगभर गाजू लागलेला इंग्रज वाद्यवृंद तेथे वाजवून गेला. आणि १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळावा भरविण्यास प्रारंभ केला. महेश तिनईकर यांची गिटार आणि उदय बेनेगल यांचा आवाज ज्यात होता तो ‘रॉक मशीन’, पुढे ‘इंडस क्रीड’, याच काळातला. आमच्याकडील संगीतसमीक्षकांनी या मंडळींकडे बहुधा दुर्लक्ष केले. इंग्रजीत गाणारे म्हणून ते परके आणि मुंबईचे म्हणून विलायतेलाही परके, अशी त्यांची कुचंबणा झाली. तरीही परक्या शैलीत स्वतःची गाणी लिहून, ती पैसे मोजून आलेल्या अनोळखी श्रोत्यांपुढे सादर करण्याचे धाडस या पिढीने केले, आणि त्या धाडसास लागणारा अनुभव महाविद्यालयीन उत्सवांच्या मंचांवर मिळत होता, एवढे श्रेय त्या मंचांस दिलेच पाहिजे.

मंच मिळणे सोपे नव्हते, याचे कारण कायद्याच्या दफ्तरात आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३३ व्या कलमान्वये सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आला, आणि १९६० मध्ये त्याचे तपशीलवार नियम झाले; प्रयोगाचा परवाना वेगळा, ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी, अग्निशमन दलाचा दाखला वेगळा, महानगरपालिकेची मंजुरी वेगळी, गीतांच्या स्वामित्वशुल्काची पावती वेगळी, आणि १९२३ पासून चालत आलेल्या कायद्यान्वये करमणूक कराचा भरणा वेगळा. अर्जदाराने एका कचेरीतून दुसरीत खेटे घालावे आणि शेवटची मोहोर कार्यक्रमाच्या दुपारी उमटावी, ही नित्याची रीत होती. सामान्य आयोजकाचा जीव ज्या कराने मेटाकुटीस येई त्यात सवलत कोणास मिळू शकते, हे १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात झालेल्या मायकेल जॅक्सनच्या कार्यक्रमाने दाखविले. शिवसेनेच्या शिव उद्योग सेनेच्या साहाय्यार्थ झालेल्या त्या कार्यक्रमास युतीच्या सरकारने करमाफी दिली. मुंबई ग्राहक पंचायतीने त्या माफीस उच्च न्यायालयात आव्हान दिले. आणि तीन कोटींहून अधिक रकमेचा तो प्रश्न गायकाच्या मृत्यूनंतरही रेंगाळत राहून २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुन्हा माफीचाच निर्णय घेतला. उपनगरातील सर्वांत गाजलेली संगीतरात्र अशा रीतीने पाव शतक सरकारी फायलीत जागी राहिली.

पण रात्रीच्या संगीताचे भवितव्य ज्या एका नियमाने मुळापासून बदलले, तो करासंबंधी नव्हता. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास मज्जाव केला. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कठोर अंमलबजावणीचे आदेश दिले. ज्यांच्या खिडकीखाली मंडप पडतात, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांच्या दृष्टीने हा नियम न्याय्य आणि आवश्यक होता, याविषयी दुमत होऊ नये. तथापि त्याची किंमत संगीताने मोजली. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सव, जो रात्ररात्र जागवून पहाटेच्या रागांपर्यंत पोहोचे, त्याला आपले वेळापत्रक दिवसाकडे सरकवावे लागले. रुग्णालय आणि महाविद्यालय यांच्या सान्निध्यामुळे रंगभवन शांतता क्षेत्रात गणले गेले आणि तेथील मैफली बंद पडल्या. इंडिपेंडन्स रॉक पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर दिसू लागले. पवईच्या उत्सवासही खुल्या मैदानावरील कार्यक्रम संध्याकाळी लवकर आरंभून दहाच्या ठोक्यास आवरणे क्रमप्राप्त झाले.

याच नियमात एक अपवाद होता, आणि पुढील सर्व घडामोडी त्या अपवादातून निघाल्या. बंदिस्त सभागृह, मेजवानीचे दालन अशा जागांत, आतल्या आत वापरण्यापुरता ध्वनिक्षेपक दहानंतरही चालू ठेवण्यास मुभा होती. म्हणजे आकाशाखालचे संगीत दहा वाजता संपे. भिंतींआड गेलेले संगीत त्यानंतरही चालू शके. परंतु भिंती म्हणजे भाडे, भाडे म्हणजे विक्री; आणि विक्री म्हणजे अन्न व मद्य. २००७ मध्ये गिरणगावातील मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ निघाला तो या नव्या व्यवस्थेचा सर्वांत सुविहित नमुना: ध्वनिशास्त्राचा विचार करून बांधलेली वास्तू, रोज रात्री नवा वाद्यवृंद, प्रवेशशुल्क आणि उत्तम स्वयंपाक. तोही २०१६ मध्ये बंद पडला.

पवईत ही व्यवस्था आली ती चौथ्या धारकाच्या छायेत. १९८६ मध्ये राज्य सरकार, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालक पक्ष यांच्यात सुमारे २३० एकरांविषयी त्रिपक्षीय करार झाला. त्यात ४० व ८० चौरस मीटरांची परवडण्याजोगी घरे बांधण्याची अट होती. प्रत्यक्षात तेथे हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांच्या आराखड्यानुसार ग्रीक-रोमन स्तंभांनी नटलेले हिरानंदानी गार्डन्स हे श्रीमंती नगर उभे राहिले, आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्या अटीची आठवण देऊन, अन्य बांधकामापूर्वी लहान घरे बांधण्याचे आदेश दिले. स्तंभांच्या या नगरात अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे चालणारी कार्यालये आली. पूर्वी रातपाळीचा कामगार जेथे चहा घेत असे त्या परिसरात आता रातपाळीचे पदवीधर हिंडू लागले, आणि त्यांच्या मिळकतीवर उपाहारगृहे व मद्यगृहे पोसली गेली. साकी-विहार रस्त्यावरील जुन्या औद्योगिक वसाहतीही हळूहळू या वाटेने गेल्या. यंत्रांसाठी बांधलेली उंच छपरे आणि जाड भिंती वाद्यवृंदांनाही मानवतात, हे मालकांच्या ध्यानी आले. आठवड्याच्या ठरावीक रात्री तेथे ‘गिग’ असते, ‘कव्हर चार्ज’ असतो, आणि गिटारवाल्याने स्वतःची रचना वाजवावी की गिऱ्हाइकाने फर्मावलेले चित्रपटगीत, याचा निर्णय बहुधा त्या रात्रीच्या बिलावर अवलंबून असतो.

या दोन पवईंची तुलना करण्यास डिसेंबर २००९ हा महिना सोयीचा आहे. त्या महिन्यात मूड इंडिगोत ‘पॉर्क्युपाइन ट्री’ हा स्टीव्हन विल्सनचा इंग्रज वाद्यवृंद आला. पंधरापंधरा मिनिटांच्या गुंतागुंतीच्या रचना करणारा, आकाशवाणीवरून क्वचितच ऐकू येणारा हा वाद्यवृंद कोणत्याही मद्यगृहाच्या गल्ल्यास परवडला नसता, आणि कोणत्याही राजकीय पक्षास त्याच्यापासून निधी उभारता आला नसता. त्याला पाचारण केले ते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी. प्रायोजकांकडून रक्कम गोळा करून, सर्व परवाने स्वतः मिळवून, आणि ऐकणारे आपल्यासारखेच आहेत या भरवशावर. कुंपणाच्या एका बाजूस श्रोता हा श्रोता म्हणून मोजला जात होता. दुसऱ्या बाजूस तो गिऱ्हाईक म्हणून. मात्र पहिल्या बाजूचे गुणगान करताना हेही नमूद केले पाहिजे की, त्या कुंपणाच्या आत ओळखपत्रधारक विद्यार्थ्यास जो मुक्तप्रवेश होता तो शेजारच्या फुलेनगरातील किंवा पाड्यावरील तरुणास नव्हता.

पुढील दशकाने बंदिस्त रात्रीचा दुसरा धोका उघड केला. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांस आग लागून १४ जणांचे प्राण गेले, आणि ज्या दाखल्यांच्या फेऱ्यांना आयोजक कंटाळत असत त्यांतील एक तरी खऱ्या अर्थाने जीव वाचविण्यासाठी असतो, हे सर्वांस दुःखद रीतीने कळले. त्याच वर्षी १ जुलैपासून करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला होता, आणि दुकाने व आस्थापनांच्या नव्या कायद्याने रात्रभर व्यवहार चालू ठेवण्याची वाट मोकळी केली होती. २७ जानेवारी २०२० पासून मुंबईत निवासी वस्तीबाहेरील मॉल व खाद्यगृहे चोवीस तास उघडी ठेवण्यास संमती मिळाली. दोन महिन्यांच्या आत महामारीने सारे शहर दिवसाही बंद केले.

या सर्व इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, पवईत रात्र जागविण्याचे अधिकार मळेवाल्यापासून कारखानदाराकडे, संस्थेकडे आणि बांधकामदाराकडे गेले. सामान्य रहिवाशाकडे ते स्वतंत्रपणे कधीच आले नाहीत. त्याला रात्री संगीत ऐकावयाचे असेल, तर एक तर विद्यार्थी असावे लागते, नाही तर गिऱ्हाईक. गणेशोत्सवात तलावाच्या गणेशघाटाकडे जाणाऱ्या मिरवणुकींतील बेंजो पार्टी आणि ढोलताशा हाच काय तो अपवाद, आणि तेथेही ऐकण्यास सवड कमी, वाजविण्यात ईर्षा अधिक. ध्वनिप्रदूषणाच्या त्याच नियमांत २००२ मध्ये एक दुरुस्ती होऊन, वर्षातील पंधरा दिवसांपर्यंत सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी दहाची मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढविण्याचा अधिकार राज्य सरकारास मिळाला आहे. आज हे दिवस बहुतांशी सणांना आणि जयंत्यांना वाटले जातात. त्यांतील एक दिवस उपनगर जिल्ह्याने संगीतासाठी राखून ठेवला, त्या दिवशी पाड्यावरचा तारपा, ईस्ट इंडियनांचे घुमट, वसतिगृहातला गिटारवाला आणि साकी-विहार रस्त्यावरचा पगारी गायक यांना एकाच सार्वजनिक मैदानावर तिकिटावाचून बसविले, आणि परवान्यासाठी अर्जदार म्हणून महानगरपालिकेनेच स्वतः उभे राहावयाचे ठरविले, तर त्यास नवा कायदा लागणार नाही, नवा कर लागणार नाही. जिल्हाधिकारी कचेरीतून निघणाऱ्या वार्षिक यादीत एका तारखेची भर पुरेशी होईल.